बद्द आवाज

ओंडका भरीव आहे की आतून पोकळ, हे नाना हातोडीच्या एका ठोक्यात सांगत. आवाज खणखणीत आला की ओंडका पुढे, बद्द आला की लाल खडूची फुली.

या हंगामात मात्र फुल्याच फुल्या. "जंगलालाच कीड लागलीय!" नाना अख्ख्या लाकूड डेपोला ऐकू जाईल असं ओरडले. "एक धड ओंडका येईल तर शपथ!"

माप घेणाऱ्या त्यांच्या लेकीने फुली मारलेला एक ओंडका करवतीखाली घातला. आतून चांगला भरीव निघाला. दुसराही. तिसराही.

नाना मटकन खाली बसले. "संपलं. लाकूडच कळेनासं झालं मला."

लेक त्यांच्या समोर येऊन बसली. "लाकूड कळतंय, नाना. ऐकू येत नाहीये. सकाळपासून मागून हाका मारतेय, एकदा तरी वळलात?"

पुढच्या आठवड्यात नाना कानात यंत्र घालून आले, तेही तोंड वाकडं करूनच. पहिल्या ओंडक्यावर हातोडी मारली आणि तिथेच थबकले. मग पुन्हा मारली. पुन्हा मारली.

"काय हो, पोकळ आहे का?" लेकीने विचारलं.

"छे गं, भरीव आहे. पहिल्याच ठोक्याला कळलं," नाना म्हणाले, आणि त्यांनी परत हातोडी उचलली.