वाफाऱ्याची घोंगडी

मला कोरोना होऊन तीन महिने उलटले. बागामोयोच्या दवाखान्यात दोनदा तपासून सांगितलं, अंगात आता काही उरलेलं नाही. पण सासूबाई झुहुरा ऐकतील तर शपथ. रोज दुपारी अंगणात कडुनिंबाचा पाला उकळायचा आणि त्या वाफेच्या पातेल्यासमोर मला घोंगडी पांघरून बसवायचं.

"अहो, शिजेन मी!" आज मी आतून ओरडलो.

"शिजा. पण खोकला थांबल्याशिवाय उठायचं नाही."

"मी कुठे खोकतोय?"

"महिनाभर ऐकतेय मी, जावईबापू. घोंगडीत शिरलात की सुरू होतो."

मी तोंडावर हात घट्ट दाबला. तरी खोकला ऐकू आला, अगदी माझ्या कानाशी, कोरडा, हुबेहूब माझाच.

मागच्या बाजूने सरपटत मी कसाबसा बाहेर आलो. सासूबाई पाठमोऱ्या बसून कसाव्याचे कंद सोलत होत्या. त्यांना हाक मारायला गेलो, तर घशातून आवाजच फुटेना.

घोंगडी अजून तशीच उभी होती, बसलेल्या माणसाएवढी.

"आणखी थोडं बसा हं," सासूबाई मागे न बघता म्हणाल्या.

"बसतो की," घोंगडीतून माझा आवाज आला.