आतून कडी

शिक्रापुरातली खोली सिद्दीकला पसंत पडली, त्याच दुपारी कवठे येमाईत त्याची बायको गेली.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खालून ट्रक गेला की खिडकीच्या काचा थरथरायच्या. पण खिडकीतून बघितलं तर समोर भिंत, भिंतीमागं दुसरी भिंत, ऊस कुठंच नाही. दौंडला बहिणीच्या शेजारी खोली मिळत होती, पण तिच्या मागच्या दाराशीच उसाचा फड होता. शिरूरच्या कडेला बघितली तीही तसलीच. जिथं ऊस तिथं बिबट्या. शेजारच्या वस्तीवरची नकुशी म्हातारी त्यानं अंगणातून ओढत नेली, तेव्हापासून जन्नतबीनं धोसरा काढला होता, इथनं चला. आज सकाळी निघतानाही ती पोरीला घेऊन दारात आडवी उभी राहिली होती.

"रूम कैसाबी हो. संडास घर में होना, और अंदर से कडी होना. रात को अल्फिया को लेके मैं बाहर नै जाती अब."

संडास खोलीच्या मागच्या अंगाला होता. सिद्दीक तिकडं वळला तोच घरमालकीण कस्तुराबाई म्हणाली, "भाऊ, फॅमिली बघितल्याबिगर मी खोली देत न्हाई. मागं एकानं बायको म्हणून सांगितलं आन् सहा पोरं आणून घातली. लावा व्हिडिओ."

सिद्दीकनं फोन लावला.

जन्नतबी सोपानरावांच्या बांधावर शेळ्यांसाठी गवत कापत होती. पडद्यावर आधी तिचा विळा दिसला, मग ती. बिबट्या मानेला धरतो म्हणून वस्तीवरच्या बायका आता रानात जाताना गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालायच्या. तिच्याही गळ्यात तो होता.

"अगं बया! गळ्यात काय गं ते?" कस्तुराबाईला हसू आवरेना. "धनगराच्या कुत्र्यावानी!"

जन्नतबी हसली, पण पडद्यातही तिचा चेहरा उतरलेला दिसला. तिनं पदर पट्ट्यावर ओढला. खिळे पदरातून वर आले.

"काढ गं मिनिटभर," सिद्दीक म्हणाला. "मावशी बघत्यात."

तिनं फोन गवताच्या भाऱ्याला टेकवून ठेवला, समोर उकिडवी बसली आणि मान खाली घालून दोन्ही हातांनी मागचं बक्कल सोडायला लागली.

"घरात मटण-मच्छी रोज असतं का तुमच्यात?" कस्तुराबाईनं विचारलं.

"न्हाई वो मावशी. रोज कुठलं परवडतंय." पट्टा निघाला. तिनं तो बांधावर ठेवला, पदर नीट केला आणि वर बघितलं. "आता दिसते का?"

तिच्या मागचा ऊस हलला. वारा नव्हता.

सिद्दीकनं तोंड उघडलं, पण शब्द बाहेर यायच्या आत पडद्यावर पिवळं काहीतरी आडवं झालं आणि फोन उलटा पडला. मग नुसतं आभाळ. एक आवाज आला, अर्धाच. मग उसाची पानं मोडत गेल्याचा आवाज, लांब लांब जाणारा.

"काय झालं? दिसत न्हाई काई," कस्तुराबाई म्हणाली.

सिद्दीक तिला ढकलून जिना उतरला. फोन तसाच चालू ठेवून त्यानं खिशात घातला आणि मोटरसायकलला किक मारली. ट्रकवाले शिव्या देत होते. तो मधूनच खिशाकडं तोंड करून ओरडत होता, "जन्नत! ओरड! ओरड की गं!" मलठणच्या अलीकडं खिशातून माणसं बोलायला लागली. आधी लांबून, मग जवळून. पत्रे बडवल्याचा आवाज आला. मग वस्तीवरच्या हरिबा आबाचा आवाज, "बायांना हितं येऊ दिऊ नका रं. अंगावर टाकायला कायतरी आणा." मग फोन कुणीतरी उचलला आणि बंद केला.

तो पोचला तेव्हा पोरांनी उसाला आग लावली होती. वनखात्याची जीप बांधाखाली आडवी करून टाकली होती. जन्नतबीवर कुणाचं तरी धोतर घातलं होतं. मानेपाशी ते भिजलं होतं. सिद्दीकनं धोतर उचललं, बघितलं, परत ठेवलं.

वनरक्षकाला चौघांनी धरून ठेवलं होतं. पोरसवदा माणूस, सदऱ्याची बाही फाटलेली. वस्तीवर पट्टे त्यानंच वाटले होते, एकेका बाईला घालून दाखवले होते. तो रडत होता. सिद्दीकला बघून तो म्हणाला, "दादा, वैनींच्या गळ्यात पट्टा रोज असायचा. मी स्वतः बघितलाय. मग आज काढला कुणी?"

पट्टा अजून बांधावरच होता, बक्कल सुटलेला. सिद्दीकनं तो उचलला, मुठीला गुंडाळला आणि त्या माणसाच्या तोंडावर मारला. परत मारला. तो खाली पडला तरी सिद्दीक मारत राहिला. आधी ज्यांनी त्याला धरलं होतं तेच आता सिद्दीकला ओढायला लागले.

"मरंल तो!" हरिबा आबानं मागून त्याला मिठी घातली. "सिद्दीक, आरं त्याचा काय गुन्हा! सोड, बाबा, सोड."

खिळे सिद्दीकच्याही तळहातात घुसले होते. पट्टा सुटेना, म्हणून आबानं एकेक बोट उघडलं.

फड जळत होता. बिबट्या कुठल्या बाजूनं निघून गेला ते कुणालाच दिसलं नव्हतं. खिशातला फोन वाजला. सिद्दीकनं रक्ताच्या बोटानं उचलला.

"भाऊ, कशी हाय ती?" कस्तुराबाई रडत होती. "बोला की. भाऊ, खोली मी दुसऱ्या कुणाला देत न्हाई. तुमचीच हाय. पोरीला घिऊन या."



"मावशी," सिद्दीक म्हणाला, "संडासाला आतून कडी हाय का, ते बघायचं राहिलं."