साडेबाराचा चहा

१९९९ साली महाप्याच्या ऑफिसात मी एकाच कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरने बनवलेले तीन कॉम्प्युटर चालवत होते. आम्ही त्यांना पाहुणे म्हणायचो. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही आणि बाहेर मी आहे, हे तिघांनाही ठाऊक नाही. मधल्या भिंती मी घातलेल्या, त्यामुळे पक्क्या.

जड काम आलं की मी दोघांना गोठवायचे आणि तिसरा सुसाट पळायचा. गोठलेले जागे झाले की त्यांची घड्याळं तेवढीच मागे असायची.

"त्यांना काहीच कळत नाही?" शेजारच्या टेबलावरच्या प्रसादने विचारलं.

"कसं कळणार? त्यांच्या लेखी मधला वेळ गेलेलाच नसतो."

तेवढ्यात आमचे शिपाई देवजीमामा वाफाळता चहा घेऊन आले. मी कप उचलला. चहा गार होता, वर जाड साय.

"मामा, गार चहा?"

"आताच तं ठेवलाय, म्याडम. गरम हाय." त्यांचा हात अजून बशीवरच होता.

बाहेर कारखान्याचा एकचा भोंगा वाजला.

मी मनगटावर पाहिलं. साडेबारा. भिंतीवर साडेबारा. प्रसादने त्याचं घड्याळ कानाला लावलं. ते चालू होतं.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "मग या अर्ध्या तासात पळत कोण होतं?"