तात्या येईपर्यंत

"तिकडं सहा महिनं ऊनच न्हाय म्हणं," गोजरबाईनं कांदा चिरता चिरता बातमी दिली. "मग पापड कुठं वाळवायचं?"

"तिकडं कुणी पापड वाळवत न्हाय, मावशी," उत्कर्षा म्हणाली.

"आता वाळवतील की!"

उत्कर्षाला हसू आलं. भिगवणला हायवेलगतच्या त्यांच्या खानावळीत आज गिऱ्हाइकं कमी आणि निरोप द्यायला आलेलेच जास्त होते. चारला जीप येणार होती. मुंबईहून विमान, आणि मग थेट नॉर्वे.

मुक्ताबाई, उत्कर्षाची आई, सकाळपासून बॅगेशी झटत होती.

"आये, एवढं काळं तिखट?"

"त्याबिगर मासा खायचा तरी कसा?"

उत्कर्षा एक पुडा बाहेर काढायची, मुक्ताबाई तो स्वेटरच्या घडीत परत सारायची. स्वेटर बारामतीहून आणला होता. दुकानात उत्कर्षानंच अंगाला लावून पाहिला होता. मायलेकींचं माप एकच.

ह्या सगळ्याचं मूळ म्हणजे लार्स. काही वर्षांपूर्वी थंडीत तो उजनीच्या पाण्यावरचे पक्षी बघायला आला आणि दुपारी ह्या खानावळीत जेवायला बसला. चिलापी माशाचं कालवण खाताना त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी गड्यानं दुसरं ताट मागितलं. पुढच्या थंडीत पुन्हा हजर. त्याच्या पुढच्या थंडीत तर दुर्बीण पेटीतच राहिली आणि साहेब दिवसभर खानावळीच्या बाकावर. त्याचं इंग्रजी फक्त उत्कर्षाला कळायचं, कारण ती बारामतीच्या कॉलेजात शिकलेली. त्यामुळे त्याच्या मनात काय आहे, ते सगळ्यांच्या आधी तिलाच समजलं. ते कळलं त्या दिवशी तिनं आमटीत दोनदा मीठ घातलं होतं.

त्याच्या गावी बंदरावर त्याची छोटी खानावळ होती. ती आता दोघांनी मिळून चालवायची, असं ठरलं होतं. म्हणजे काम तेच, फक्त चूल जाऊन विजेची शेगडी.

"माणूस गुणाचा हाय," गोजरबाई म्हणाली. "पर त्येचं केस पिवळं हायत का पांढरं, त्ये मला अजून उमगलं न्हाय."

"उन्हात पिवळे दिसत्यात."

"आन् सावलीत?"

"सावलीत बघू नका, मावशी."

बाहेरच्या बाकावर बसलेल्या लार्सला काही कळलं नाही, पण सगळे हसले म्हणून तोही मोठ्यांदा हसला.

हसत नव्हती ती एकटी मुक्ताबाई. तिचं लक्ष रस्त्याकडं होतं. पुण्याच्या कचेरीत लग्नाच्या सह्या झाल्या होत्या, व्हिसाचा शिक्का बसला होता. पण बावड्याचे जोतीरामतात्या आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हे मायलेकींनी ठरवून टाकलं होतं. तात्या म्हणजे उत्कर्षाचे चुलते. तिचे बाबा गेले तेव्हा ह्या खानावळीचे पत्रे त्यांनी स्वतःच्या हातानं ठोकले होते. त्यांना दुखवून सुखी व्हायचं, हे दोघींनाही जमणारं नव्हतं.

आणि तात्या तर लग्नाचं कानावर आल्यापासून फिरकलेच नव्हते. गेल्या आठवड्यात उत्कर्षा एकटीच बावड्याला जाऊन आली. तात्या मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत बसले होते.

"लोक तोंडात शेण घालतील माझ्या," ते म्हणाले.

"तात्या, तुमच्या आज्जीला कुणी अडवलं हुतं का? तुमीच सांगता की तिची गोष्ट."

तात्यांचा हात थांबला. "बघतो," एवढंच ते बोलले.

चार वाजले. जीप आली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तात्यांचा पत्ता नाही.

"तात्यांबिगर न्हाय निघायचं," मुक्ताबाई म्हणाली आणि बॅगेवरच बसली. उत्कर्षानं लार्सला इंग्रजीत सांगितलं. त्यानं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि तोही खाली फरशीवर बसला. उत्कर्षाला त्या क्षणी तो फार आवडला. हा माणूस घरच्यासारखा वागतो, आता काळजी नाही, असं तिला वाटलं.

ड्रायव्हरनं दुसऱ्यांदा हॉर्न दिला, तेवढ्यात समोर एसटी थांबली. आधी तात्यांचा फेटा दिसला, मग पिशवी सांभाळत उतरणारी प्रयागबाई, त्यांची बायको.

"इंदापुरात कासार लवकर गावंना," तात्या आल्या आल्या म्हणाले, जणू रोजच येत होते. "हिरव्या बांगड्यांबिगर कसं यायचं?"

लार्स धडपडत उठून दाराकडं निघाला आणि त्याचं डोकं चौकटीवर आपटलं. तसाच कपाळ चोळत तो तात्यांच्या पायाशी वाकला.

"डोस्कं सांभाळा, पाव्हणं," तात्यांनी त्याला खांद्याला धरून उठवलं. "आमच्यात जरा वाकूनच यावं लागतं." मग गोजरबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि कांद्याला शिव्या घातल्या.

प्रयागबाईनं पिशवीतून हिरवं लुगडं काढलं, सुपात तांदूळ ओतले, वर नारळ ठेवला. मग कुंकवाचा करंडा तिनं उत्कर्षाच्या हातात दिला.

"घे. आमी पडलो सासरची मानसं. म्हायेरच्या वतीनं तूच कर सगळं."

उत्कर्षानं करंड्यात बोट बुडवलं. बाबा गेल्यापासून कोऱ्या राहिलेल्या मुक्ताबाईच्या कपाळावर तिनं, तात्यांच्या आज्जीला दुसऱ्या लग्नात लावलं असेल तसं, ठसठशीत कुंकू लावलं, सूप उचललं आणि म्हणाली, "आये, पदर पुढं कर."