हॉस्टेलचा फिल्टर

"त्या मुलीचं नाव तेवढं सांगा, बाकी मी बघते," रेक्टरबाई खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या. हॉस्टेलच्या वायफायवर बंद केलेली साइट कुणीतरी उघडतंय, म्हणून त्यांनी नेटवर्कवाल्या मृदुला गायधनीला बोलावलं होतं.

मृदुलाला कारण लगेच सापडलं. हॉस्टेलचा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा, बंदी असलेल्या साइटचा पत्ताच देत नसे. एका मुलीने मोबाइलमध्ये बाहेरचा डीएनएस घालून त्याला बगल दिली होती. पण तिने उघडलेली साइट पाहून मृदुला चमकली. छेडछाडीची तक्रार नोंदवायची ती सरकारी साइट होती.

"ही कुणी बंद केली?"

"मीच. मेसच्या ठेकेदाराबद्दल मुली काहीबाही लिहायला लागल्या होत्या. संस्थेचं नाव खराब होतं हो."

मृदुलाची कानशिलं तापली. तिने त्या साइटवरची बंदी काढली, एकदा उघडून पाहिली आणि लॅपटॉप मिटला.

"आणि नाव?" बाईंनी विचारलं.

"ते माझ्याकडून मिळणार नाही. लाज वाटायला हवी तुम्हाला!"

ती तडक खाली मेसमध्ये गेली. मुली जेवत होत्या. ठेकेदार स्वतः वाढत होता.

"तक्रारीची साइट आता आपल्या वायफायवर उघडते," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. "उघडून बघा!"

ठेकेदाराचा हात वाढता वाढता थांबला. कोपऱ्यातल्या एका मुलीने डाव्या हाताने मोबाइल उचलला. मग शेजारणीने उचलला. मग सगळ्या टेबलाने.