मागे चार चाकांची गाडी

"ही नाही चालायची," रोझान म्हणाली आणि तिने लाल पिकअपचं दार धाडकन लावलं.

"का गं? चांगली तर दणकट आहे!" तिचे वडील एमिल कुचेरा बॉनेटवर थाप मारत म्हणाले. वय शहात्तर, पण सकाळपासून जत्रेत आल्यासारखे एका गाडीकडून दुसरीकडे पळत होते.

विक्रेता ट्रेंट पुढे झाला. "मॅडम, वीस हजार पौंड ओढते ही. तुमचं ते चाकांवरचं घर, तो कॅम्पर, सामानासकट सोळा हजारांचा. वर चार हजार शिल्लक!"

"ते जाहिरातीतलं. दारावरचं वाचा." रोझानने दार पुन्हा उघडून कडेला चिकटवलेला कागद दाखवला. "ओढेल हो, पण कॅम्परचं नाक हिच्या पाठीवर टेकणार. त्याचाच भार साडेतीन हजार. आणि ही पाठीवर घेते बावीसशे. कंबर मोडेल तिची."

रोझान गावच्या धान्य सोसायटीच्या वजनकाट्यावर कामाला होती. हंगामात रोज मक्याचे शंभर ट्रक जोखायची. वजनात तिला फसवणारा सगळ्या नेब्रास्कात जन्मायचा होता.

"ऐकलंस, ट्रेंट?" एमिल खूश होऊन म्हणाले. "माझ्या पोरीपुढे आकडे फेकू नकोस."

याचंच रोझानला नवल वाटत होतं. ती खोडा घालत होती आणि बाबा कौतुक करत होते.

तिची आई, व्हायोला, मार्चमध्ये गेली. त्यानंतर चार महिने बाबा ओसरीवर नुसते बसून होते. मग एका शनिवारी शेजाऱ्याच्या ट्रकला जोडून त्यांनी अडतीस फुटी कॅम्पर घरी आणला आणि गोठ्यामागे उभा केला. तेव्हापासून ते शीळ घालत फिरायला लागले. गाव म्हणालं, बरं झालं, म्हातारा सावरला.

रोझानला मात्र काळजी लागली. या वयात, दुखऱ्या गुडघ्यानिशी, हा माणूस एकटा घाटातून सोळा हजार पौंड ओढत नेणार? आईच्या आजारपणात ती महिनाभरासाठी म्हणून घरी आली होती, त्याला नऊ वर्षं झाली. आता बाबांना एकटं कसं सोडायचं, म्हणून ती राहिली. आणि बाबाच निघाले होते. तोंडावर नाही म्हणायचा धीर तिला होत नव्हता. मग तिने ठरवलं, एकही गाडी पास करायची नाही.

दुसरी पांढरी होती. ट्रेंटने कागद-पेन्सिल घेतली. "आत माणसं किती धरू?"

"एक," एमिल म्हणाले. "वजन एकशे पन्नास."

रोझान फसकन हसली. "एकशे पन्नास? अहो बाबा, नुसतं पोट तेवढं असेल तुमचं!"

"तू लिही रे. आणि एक कुत्रा धर. चाळीस."

"कुत्रा कुठला आपल्याकडे?"

"घ्यायचा. एकट्या माणसाला सोबत नको?"

रोझानने मान वळवली. मग तिने स्वतःच बेरीज केली. कॅम्परचं नाक साडेतीन हजार, जोडणीचं लोखंड दोनशे, माणूस, कुत्रा, वर तीनशेचं सामान. एकेचाळीसशे नव्वद. दारावर लिहिलं होतं अडतीसशे.

"नापास."

"शाब्बास!" एमिल म्हणाले.

तिसरी राखाडी होती, मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं असलेली. दारावर आकडा होता त्रेपन्नशे. रोझानने तो दोनदा वाचला.

"फार रुंद आहे," ती म्हणाली. "बँकेत गाडीतूनच पैसे घ्यायची खिडकी आहे ना, तिथे अडकेल."

"मग बँकेत चालत जायचं." एमिलनी किल्ली तिच्याकडे फेकली. "चालवून बघ."

"तुम्ही बघा ना."

"माझा गुडघा कुरकुरतोय. मी बाजूला बसून इंजिनाचा आवाज ऐकतो."

ट्रेंटने विक्रीला ठेवलेला एक मोठा कॅम्पर मागे जोडून दिला. रोझान हायवेला लागली. दोन्हीकडे डोक्याइतका मका, वर उघडं आभाळ. नदीजवळचा चढ आला तेव्हा तिने दात आवळले. पण गाडीने साधा उसासाही टाकला नाही. मागचं घर जणू रिकाम्या पोत्यासारखं वर आलं. रोझानने काच खाली केली. ती मोठ्याने हसत होती, हे तिला बऱ्याच वेळाने कळलं.

परत आल्यावर दोन कॅम्परांच्या मधल्या फटीत तिने ते सगळं धूड एका दमात रिव्हर्स घातलं. वर्कशॉपमधले मेकॅनिक बाहेर येऊन टाळ्या वाजवायला लागले. एमिलनी खिडकीतून डोकं काढून शिट्टी मारली.

"कशी वाटली?"

"बाबा, डोंगर ओढून नेईल ही!" ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली. स्वतःच पास करून बसली होती.

ऑफिसात टेबलावर कोलाचेंचा, म्हणजे जर्दाळू भरलेल्या गोड पावांचा, खोका उघडा होता. एमिल दुसरा खात होते. ट्रेंटच्या मशीनमधून कागद बाहेर येत होते. रोझानला आता राहवेना.

"बाबा, नका ना जाऊ. आई गेली. आता तुम्हीही."

एमिलचा घास हातातच राहिला. "मी? मला तर दोन तास गाडीत बसलं की पाठ धरते."

ट्रेंटने कागद त्यांच्या समोरून पलीकडे सरकवला आणि पेन रोझानपुढे ठेवलं. मालकाच्या रकान्यात छापलं होतं: रोझान व्हायोला कुचेरा.