चित्ररथावरचा नळ

"मावशी, हंडा भरला तरी नळ बंद करायचा नाही. सांडू दे पाणी. परदेशी पाहुण्यांना समृद्धी दिसली पाहिजे," दिग्दर्शकांनी पुन्हा बजावलं.

'घरोघरी नळ' या चित्ररथासाठी त्यांनी तिला पाड्यावरून दिल्लीला आणलं होतं. डोक्यावर दोन हंडे घेऊन, थेंबही न सांडता चालायची तिची चाल शहरातल्या नटीला जमली नव्हती. काम नीट झालं तर पाड्यावर खरा नळ देऊ, असा सोबतच्या अधिकाऱ्यांचा शब्द होता.

संचलनात हंडा भरला, पाणी वाहू लागलं. तिला ते बघवेना. तिने नळ बंद केला. गेला आपला नळ, तिला वाटलं. पण पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, निवेदकाने 'पाणी जपणारा देश' असं जाहीर केलं आणि चित्ररथाला पहिलं बक्षीस मिळालं.

"सायेब, आता पाड्याचा नळ?" तिने अधिकाऱ्यांना विचारलं.

ते हो म्हणणार, तोच दिग्दर्शकांनी त्यांना बाजूला घेतलं. "पुढच्या वर्षीही यांनाच आणू. तोवर नळाची घाई करू नका," ते कळकळीने म्हणाले. "दारात पाणी आलं की ही चाल मोडते."